न लिहिलेलं एक नाव : माणूस बिघडताना आणि सावरताना कसा लिहावा

कोकणातल्या गोष्टीत माणसाच्या मनातला काळोख दाखवायचा म्हटलं की लिहिणाऱ्याचा हात आपोआप देवचाराकडे, करणीकडे, पिंपळाखालच्या सावलीकडे जातो. भुताखेतांच्या गोष्टींची इथली परंपरा जुनी आणि चांगली आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. अडचण एवढीच की करणी झाली असं एकदा ठरलं, की ज्या हाताने वाईट केलं त्या हाताला कोणी काही विचारत नाही. माणूस सुटतो. इथे जे सांगायचं आहे ते त्या हाताविषयी. कथा, एकांकिका किंवा दहा-बारा मिनिटांचा लघुपट लिहायला बसलेल्यांसाठी ही कामाची पद्धत आहे.

आधी कृत्य, मग माणूस

‘माझा नायक लोभी आहे’ इथून सुरुवात केली तर पुढे काहीच सुचत नाही, कारण लोभ दिसत नाही. सुरुवात कृत्याने करा. ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, हाताने करता आलं पाहिजे आणि त्याची खूण मागे राहिली पाहिजे. रात्री जाऊन सामायिक गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, दोन हात सरकवणं. कर्नाटकातून आलेला आंबा देवगडचा म्हणून पेटीत भरणं. भावकीतल्याच कोणाचं जाळं कापणं. वारसनोंदीच्या अर्जात बहिणीचं नाव न लिहिणं. ही सगळी कृत्यं आहेत. खून शक्यतो टाळा. खुनाचं वजन इतकं असतं की नवशिक्याच्या हातात बाकीची गोष्ट त्याखाली चिरडते.

उदाहरणासाठी वारसनोंदच घेऊ. कोकणात घराघरातली भांडणं सातबाऱ्याभोवती फिरतात, आणि हे कृत्य इतकं लहान आहे की करणाऱ्यालाही ते कृत्य वाटत नाही. कोऱ्या राहिलेल्या एका ओळीपलीकडे त्यात काही नाही.

ज्या व्यवहारावर गोष्ट उभी करायची तो नीट समजून घ्या, कारण व्यवहाराच्या बारकाव्यातूनच प्रसंग मिळतात. वडील गेल्यावर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज जातो. फेरफाराची, म्हणजे जमिनीवरची नावं बदलण्याची नोंद होते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. आता पाहा: नोटीस ज्यांची नावं अर्जात आहेत त्यांना जाते. ज्या बहिणीचं नावच लिहिलेलं नाही, तिला ती जाणार कशी? चावडीवर कागद लागतो, पण ती विरारला. हे १५ दिवस म्हणजे तुमच्या गोष्टीतला ताण आहे. तो बाहेरून आणावा लागला नाही.

कायदाही ठाऊक हवा. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तिला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. तरी बहिणीने हक्क सोडावा ही अपेक्षा आजही अनेक घरांत न बोलता धरलेली असते. म्हणजे तुमच्या नायकाच्या बाजूने अर्धा गाव मान डोलवेल. अशा ठिकाणचा काळोख लिहिणं सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं, कारण तिथे खलनायक शोधावा लागत नाही.

पायऱ्या

माणूस एका उडीत बिघडत नाही. पायरीपायरीने उतरतो, आणि प्रत्येक पायरीला त्याच्याकडे कारण असतं. सहा ते आठ पायऱ्या पुरतात. प्रत्येक पायरीसाठी कागदावर चार गोष्टी लिहा: त्याने काय केलं, त्याने स्वतःला काय कारण सांगितलं, त्याला काय मिळालं, आणि आता कुठली गोष्ट परत घेता येणार नाही. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती पायरी नाही, नुसता प्रसंग आहे.

बहिणीचं नाव न लिहिणाऱ्या आपल्या थोरल्या भावाच्या पायऱ्या अशा होतील. माघात वडील जातात. तेराव्यानंतर बहीण निघते. जमिनीचं बोलायला हवं, पण घरात सुतक नुकतंच फिटलेलं. तो म्हणतो, नंतर बोलू. यात वाईट काही नाही. फाल्गुनात तो तलाठ्याकडे बसतो. ‘वारस किती?’ या प्रश्नावर तो म्हणतो, ‘आम्ही दोघं भाऊ.’ कारणही तयार असतं: तिच्या लग्नात कर्ज काढलं होतं, ते मीच फेडलं, शिवाय सहीसाठी तिला मुंबईहून खेपा कशाला. मग ते १५ दिवस. बहीण रोज रात्री फोन करून आईची चौकशी करते, तो रोज तिच्याशी नीट बोलतो आणि एवढंच सांगत नाही. चौथ्या पायरीवर धाकटा विचारतो, ‘ताईला सांगितलंस ना?’ आणि तो ‘हो’ म्हणतो. तोंडाने बोललेलं हे पहिलं खोटं. पाचवी पायरी पैशाची: बाग व्यापाऱ्याला कराराने दिली जाते, उचल येते आणि वैशाखात घराच्या कौलांवर, वाशांवर खर्च होते. पैसा आता परत करता येत नाही, आणि तो चैनीवर गेला नाही, आईच्या डोक्यावरच्या छपरावर गेला, हे लक्षात ठेवा. सहावीत आई विचारते, ताईचा वाटा काय केलास? तो सांगतो, तीच नको म्हणाली.

इथपर्यंत त्याने बहिणीचं काहीतरी घेतलं होतं. आता त्याने तिच्या तोंडी शब्द घातले.

सातवी पायरी बहुतेक लिहिणारे गाळतात, आणि खरा काळोख तिथेच आहे. भाद्रपदात बहीण गणपतीला येते. थोरला तिच्याशी भलत्याच कारणावरून भांडण उकरून काढतो: नैवेद्याला उशीर झाला, मुलं आरतीला मोबाइल घेऊन बसली, काहीही. ती रागावून दोन दिवस आधीच निघाली की त्याला हायसं वाटतं. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्यावर राग धरल्याशिवाय माणसाला स्वस्थ झोप लागत नाही. ही पायरी लिहून झाली की तुमचा नायक खरंच बदललेला असतो, आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नसतं.

इथल्या ऋतूंचा हिशेब सांभाळा. मोहर, फळ, घराची डागडुजी, पाऊस, गणपती हा क्रम वाचकाच्या अंगात मुरलेला असतो. श्रावणात उचल देणारा आंब्याचा व्यापारी आला की पुढची नैतिक गुंतागुंत कोणी वाचत नाही.

पायऱ्यांची उंची बरोबर आहे का हे घरबसल्या तपासता येतं. पायऱ्यांचा कागद पाच-सहा जणांना वाचायला द्या, त्यात निदान दोन बायका आणि एक म्हातारं माणूस असू दे. प्रत्येकाला एकच विचारा: तुम्ही कुठल्या पायरीवर थांबला असतात? सगळ्यांनी एकाच पायरीवर बोट ठेवलं तर ती पायरी फार उंच आहे, तिचे दोन भाग करा. कोणीच कुठेही थांबत नसेल तर ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस तुमच्या कागदावर दिसतच नाहीये. उत्तरं तिसरीपासून सहावीपर्यंत विखुरली तर पुढे जा.

जुन्यांकडून घ्यायच्या तीन गोष्टी

शेक्सपियरच्या मॅकबेथमध्ये राजा डंकनच्या खुनाआधी मॅकबेथ किती घुटमळतो ते मोजा: स्वगतं, बायकोशी वाद, हवेत दिसणारा खंजीर. मित्र बँकोला मारायचं ठरतं तेव्हा तो मारेकऱ्यांना समजावत बसतो आणि बायकोला मात्र पूर्ण सांगत नाही. विरोधात गेलेला सरदार मॅकडफ, त्याच्या बायकामुलांना मारायचा निर्णय चार-दोन ओळींत होतो आणि तो तिथे हजरही नसतो. गुन्हा वाढत जातो, विचार करायला लागणारा वेळ घटत जातो. ही युक्ती तशीच्या तशी वापरा. आपल्या गोष्टीत तलाठ्याकडचा प्रसंग दोन पानांचा असेल तर ‘तीच नको म्हणाली’ हे वाक्य भाकरी मोडता मोडता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ च्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये सहा भाग आणि एक उपसंहार आहे. खून पहिल्या भागाच्या शेवटी होऊन जातो. म्हणजे पाच भाग नंतरचे. आपल्याकडे उलट होतं: अख्खी एकांकिका कृत्याकडे चालत जाते आणि शेवटच्या पाच मिनिटांत पश्चात्ताप उरकला जातो. बारा मिनिटांच्या लघुपटात कृत्य तिसऱ्या मिनिटाच्या आत घडवा. त्याच कादंबरीत आणखी एक बारकावा आहे. नायक कबुली देतो ती सहाव्या भागाच्या अखेरीस, पण सैबेरियात शिक्षा भोगतानाही बराच काळ त्याला खरा पश्चात्ताप होत नाही. कबुली आणि बदल ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच संवादात दोन्ही उरकू नका.

तिसरी गोष्ट गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली, रंगभूमीवर १९१९ ची. सुधाकराला पहिला प्याला देणारा तळीराम हा त्याच्या मनातली सबब मोठ्याने बोलणारा माणूस आहे. प्रत्येक उतरत्या माणसाजवळ असा एक जण ठेवा. वारसनोंदीच्या गोष्टीत तो ओटीवर पान खात बसणारा शेजारी असू शकेल. तो दुष्ट असण्याची गरज नाही. ‘सगळे असंच करतत’ एवढं म्हणणारा पुरे. त्याच नाटकातली एक गोष्ट मात्र आज घेऊ नये असं माझं ठाम मत आहे: पुरुषाचे डोळे उघडावेत म्हणून बाईने सोसत सोसत मरावं ही रचना. तिने शंभर वर्षांत खूप गोष्टी सोप्या करून दिल्या. बहिणीला मारून थोरल्याला सुधारू नका. ती जिवंत राहिली तरच त्याला तिच्याकडे बघावं लागेल.

प्रसंग लिहायच्या आधी उभे करा

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याची पद्धत इथे फार उपयोगी पडते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि पात्रं उभ्या उभ्या बोलतात. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात दशावतारात काम करणारं कोणी असेल तर एक संध्याकाळ मागून घ्या. दोघांना उभं करा. एकाला फक्त कारण सांगा, ‘कर्ज मी फेडलं’. दुसऱ्याला फक्त प्रश्न द्या, ‘ताईला सांगितलंस ना?’ आणि अट घाला की जमीन, वाटा, हक्क हे शब्द उच्चारायचे नाहीत. दहा मिनिटं बोलू द्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, मग ऐकून त्यातली पाच-सहा वाक्यं उचला. टेबलाशी बसून अशी वाक्यं सापडत नाहीत. दशावतारातला असुर प्रवेश करतानाच ओळखू येतो, तो त्या खेळाचा आनंद आहे. आपल्याला मात्र ओळखू न येणारा माणूस हवा, तेव्हा नटाला आवाज खाली ठेवायला सांगा.

बोलीचा प्रश्न इथेच सोडवा. मालवणी किंवा संगमेश्वरी बोली फक्त विनोदी पात्राला आणि प्रमाण मराठी गंभीर पात्राला, अशी वाटणी केली तर गंभीर माणूस खोटा वाटतो. थोरला घरात मालवणी बोलेल आणि तलाठ्यासमोर प्रमाण मराठीकडे सरकेल. हा बदल जपा. ‘माका काय नको, ह्यां सगळां आवशीसाठी’ हे तो ज्या भाषेत मनापासून म्हणतो, त्याच भाषेत पुढे खोटं बोलला की ऐकणाऱ्याला ते लागतं.

देवाला कौल लावायचा प्रसंग घ्यायचा असेल तर नीट विचार करून घ्या. मनासारखा कौल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रश्न बदलून विचारणारा माणूस हा स्वतःची फसवणूक दाखवायचा उत्तम मार्ग आहे. देव बोलला की नाही हा वाद गोष्टीत आणू नका. प्रश्न कसा बदलत गेला एवढं दाखवा.

पडद्यासाठी

कॅमेऱ्याला मन दिसत नाही, हात दिसतात. ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटाने लोभ दाखवला तो रीतसर काम म्हणून: कणकेची बाहुली, पिठाचं रिंगण, दोर, आणि प्रत्येक खेपेला मुठीत येतील तेवढी नाणी. बाप ते काम मुलाला शिकवतो, आणि अधिक मिळवायची कल्पना मुलाचीच असते. शेवटी तोच मुलगा बापाने पुढे केलेलं सोनं नाकारतो. (जगबुडी नदीकाठची पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी वेगळी, नावापलीकडे दोन्हींचा संबंध नाही.) तेव्हा थोरल्याचा चेहरा अंधारात ठेवण्याऐवजी त्याने अर्ज कसा भरला ते दाखवा. कार्यालयातलं दोरीला बांधलेलं पेन. दोन नावं. तिसऱ्या ओळीवर थांबलेलं टोक. मग खाली सही.

कोकणी घर स्वतःच तुम्हाला रचना देतं. खळं, ओटी, पडवी, माजघर, मागचं दार. पहिले प्रसंग ओटीवर, येत्याजात्याच्या समोर घ्या. जसजसा तो उतरेल तसे प्रसंग आत सरकवा. आईशी खोटं बोलणं माजघरात, तिच्या खाटेपाशी. बदलाचे प्रसंग पुन्हा बाहेर येऊ द्यात. प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही, पण त्याला ते जाणवतं.

पावसाबद्दल एक तांत्रिक सूचना. पत्र्यावर पडणाऱ्या पावसात जागेवर घेतलेला संवाद हमखास वाया जातो. बोलण्याचे प्रसंग उघडिपीत घ्या, पावसाचा आवाज वेगळा घेऊन नंतर जोडा. कौलांवरचा आणि पत्र्यावरचा पाऊस वेगळा ऐकू येतो, घराला जे छप्पर आहे त्याचाच आवाज वापरा. आणि घाटाखालच्या गावावर समुद्राची गाज चढवू नका. एवढं करून वाटलं की पाऊस नसला तरी प्रसंग तसाच उभा राहतो, तर पाऊस काढून टाका.

सावरणं

बिघडण्याला आठ पायऱ्या आणि सावरण्याला एक रडणं, हा सर्वांत मोठा दोष. त्याचं कारण असं की लिहिणाऱ्याला पात्राची दया येते आणि तो त्याला लवकर मोकळं करतो.

बदलाची सुरुवात उपदेशाने होत नाही. सगळ्यांना लहानपणापासून माहीत असलेली वाल्याची गोष्ट पाहा. सात रांजण खडे भरले तरी तो थांबलेला नसतो. नारद त्याला फक्त घरी जाऊन विचारायला सांगतात: माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? घरचे नाही म्हणतात. ज्यांच्यासाठी केलं असं तो सांगत होता, त्यांनीच कारण परत केलं. तुमच्या पायऱ्यांच्या कागदावर दुसरा रकाना कारणांचा आहे. तो वाचा, आणि त्यातलं सर्वांत मोठं कारण कोणाच्या तोंडून कोसळेल ते ठरवा. आपल्या गोष्टीत ते आईच्या. ‘तुझ्यासाठीच केलंय’ असं थोरला म्हणतो, आणि ती म्हणते, ‘तां माझ्या नावार घालू नको.’ एवढंच. तिला पुढचं भाषण देऊ नका.

यानंतर त्याला काय गमवावं लागेल ते मोजता आलं पाहिजे. नोंद दुरुस्त करायची तर त्याला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागेल की आधीचं प्रतिज्ञापत्र खोटं होतं, आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. व्यापाऱ्याची उचल खर्च झाली आहे. धाकट्याचा वाटा कमी होणार, म्हणजे तो विरोधात जाणार. शेजारी ओटीवर यायचा बंद होणार. या प्रत्येकासाठी एक प्रसंग आहे, त्यातले दोन तरी लिहाच. व्यवहाराची माहिती सुरुवातीला गोळा केली होती तिचा उपयोग इथे दुसऱ्यांदा होतो.

मध्ये त्याला एकदा घसरू द्या. तो तलाठ्याकडे निघतो आणि मंडळ अधिकारी रजेवर आहेत हे कळल्यावर त्याला बरं वाटतं. तो महिनाभर पुन्हा जात नाही. कुरोसावाच्या ‘इकिरू’ या १९५२ च्या जपानी चित्रपटात मरणाच्या दारातला एक सरकारी अधिकारी मुलांसाठी बाग उभी करतो. चित्रपट बराच उरला असतानाच तो मरतो. मागे सहकारी जमतात, आपणही बदलू अशा शपथा घेतात आणि पुन्हा कचेरीत जसेच्या तसे वागतात. त्या शपथांमुळेच त्या एका माणसाने काय केलं ते कळतं. बदल टिकला की नाही हे दाखवायला तीच संधी, तोच मोह, कोणीही बघत नसताना पुन्हा समोर ठेवा.

क्षमेचा अधिकार बहिणीचा आहे, लेखकाचा नाही. त्यासाठी शेवट लिहिण्याआधी सगळी गोष्ट एकदा तिच्या बाजूने लिहून काढा, दोन पानं पुरतात. ती विरारला काय करते, तिला त्या बागेतलं कुठलं झाड आठवतं, तिला आधीच संशय होता का, आणि तरीही ती रोज रात्री फोन का करत राहिली. ही पानं गोष्टीत जाणार नाहीत, पण ती लिहिल्याशिवाय ती शेवटी काय करेल हे तुम्हाला कळणार नाही. विंचू, वीज किंवा खवळलेला समुद्र आणून थोरल्याला शिक्षा देण्याचा मोह झाला, तर ती दोन पानं लिहायची राहिली आहेत असं समजा.

शेवटचा प्रसंग कागदाचाच घ्या. या वेळी अर्जात तिचं नाव आहे, त्यामुळे नोटीस तिच्या पत्त्यावर जाते. चाळीच्या जिन्यावर पोस्टमन, हातात पाकीट, तिचं माहेरचं नाव. ती उभ्यानेच पाकीट फोडते आणि वाचते. तिथे थांबा. रात्र झाली तरी त्या दिवशीचा फोन दाखवू नका.